काटेरिंगणीची मुळी

"काटेरिंगणीची आणखी नावं?"

"कंटकारी, व्याघ्री, निदिग्धिका, दुःस्पर्शा," श्रीकर एका दमात म्हणाला. "बियांची धुरी दाढदुखीला. मुळीचा काढा खोकल्याला, धापेला."

"बरं," भानुनाथबुवा म्हणाले.

वर्षभर बुवांकडच्या वैद्यकाच्या पोथ्या घोकल्यावर श्रीकरला आज परवानगी हवी होती. गावी जाऊन वैद्य म्हणून बसायचं होतं. बुवा खूश व्हावेत म्हणून त्याने सकाळीच मठाचं अंगण लख्ख केलं होतं. कुंपणाकडेला पसरलेलं काटेरी रान कापून चुलीत घातलं होतं.

तेवढ्यात टेकडीपलीकडच्या धनगरवाड्यावरची बायजा पळतच आली.

"बुवा, सासूला लई धाप लागलीया. कालपासनं आडवं व्हता येईना. रिंगणी न्यायला आले." तिने कुंपणाकडे पाहिलं. "हितंच व्हती की... कुठं गेली?"

बुवांनी श्रीकरकडे नुसतं पाहिलं.

सकाळी चुलीत घातलेलं काटेरी रान श्रीकरला आठवलं. नावं सगळी मुखोद्गत, पण झाड कधी हातात धरलंच नव्हतं. आता म्हातारीचं काही बरंवाईट झालं तर...

"ती मी... जाळली."

बायजा मटकन खाली बसली.

"मुळासकट?" बुवांनी विचारलं.

"नाही. उपटायला गेलो तर काटे टोचले. मग विळ्याने वरवर कापली."

बुवा हसायला लागले. इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"जा, दोन मुळ्या काढ. बाकीच्या राहू दे, पुन्हा फुटतील."

श्रीकर धावला. कुदळ शोधायचंही भान राहिलं नाही. दगडाने माती उकरून त्याने काटेरी बुंधे हातांनीच ओढले. बायजा मुळ्या पदरात बांधून निघून गेली.

दिवसभर तो दारात बसून होता. जेवला नाही. परवानगीची गोष्टही काढली नाही.

दुसऱ्या दिवशी बायजा आली ती सावकाश चालत. लांबूनच तिची चाल पाहून श्रीकरच्या जिवात जीव आला.

"झोपली," ती म्हणाली. "चांगली आडवी होऊन झोपली. उठल्यावर माझ्यावर खेकसली बी."

श्रीकरला रडूच फुटलं. तो बुवांच्या पाया पडायला वाकला. बुवांनी त्याचा हात धरला. बोट सुजलं होतं.

"काटा मोडलाय आत," श्रीकर म्हणाला. "काढू?"

"राहू दे आजचा दिवस," बुवा म्हणाले. "बोटाचं पाठांतर चाललंय."