नकलपेटीची तहान

खूप खूप जुनी गोष्ट आहे बरं का, मुलांनो आणि मुलांच्या आजोबांनो! इतकी जुनी, की तेव्हा यंत्रं जादूनं चालत. माणसं मात्र आतासारखीच फसत.

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावाला नाद एकच, बैलांचा. दात बघून तिथली माणसं बैलाचं वय सांगत, चाल बघून स्वभाव सांगत. या गावात वेणूबाई शाळा चालवायच्या. मुलं बत्तीस आणि पुस्तक एक!

एके दिवशी राणीसाहेबांची दवंडी आली. ‘दसऱ्याला आम्ही स्वतः येऊ. ज्या शाळेत प्रत्येक मूल स्वतःच्या पुस्तकातून वाचून दाखवेल, ती शाळा राहील. बाकीच्या मोडून मुलांना नदीपलीकडच्या शाळेत पाठवू.’

नदीपलीकडे! सहा-सात वर्षांची पोरं रोज नावेतून कशी जाणार?

पण त्याच आठवड्यात दुसरी बातमी आली. शहराच्या बाजारात म्हणे नकलपेट्या आल्या होत्या. पेटीवर पुस्तक ठेवायचं, एका बाजूनं कोरा कागद घालायचा, की दुसऱ्या बाजूनं हुबेहूब छापलेलं पान बाहेर! वेणूबाईंना जेवणाचीही शुद्ध राहिली नाही. गावानं वर्गणी काढली, आणि बैलांचा नामांकित पारखी रखमाजी त्यांच्यासोबत बाजाराला निघाला.

बाजारात दोन दुकानं होती. एकात काळी, बोजड पेटी. पोटाला शाईची मोठी काचेची टाकी. तिची किंमत ऐकूनच दोघं मागे सरकले. दुसऱ्यात इवलीशी, मोरपंखी, चकचकीत पेटी! किंमत चौथाई, आणि वर शाईची एक कुपी फुकट.

“घ्या ताई, अशी संधी पुन्हा यायची नाही,” दुकानदार म्हणाला.

रखमाजीनं पेटीभोवती एक फेरी मारली, तिच्या पाठीवर थाप दिली. “रूप लई झ्याक हाय! घ्या बाई, घ्या!”

वेणूबाईंनी घेतली. वर पैसे उरले, याचा आनंद तर गगनात मावेना.

पहिलं पान बाहेर आलं तेव्हा शाळेत एकच जल्लोष झाला. पाच पुस्तकं झाली, आणि सहाव्याच्या मध्यावर पेटी थांबली. कुपी रिकामी! नवी आणायला गेल्या, तर कुपीचा भाव जवळजवळ पेटीएवढाच. वेणूबाईंनी काजळ आणि डिंक खलून घरची शाई केली. पेटीनं ती चक्क थुंकून टाकली.

“मला माझ्याच दुकानाची शाई लागते,” पेटी ठसक्यात म्हणाली.

शेवटी उरलेल्या पैशांची एक कुपी आणली. आता थेंबही वाया घालवायचा नाही! सगळे कागद कापून, लावून, मग एकदमच छापू, असं ठरवून वेणूबाईंनी पेटी फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवली. पंधरा दिवसांनी उघडली, तर पेटीचं तोंड वाळलेलं. ती खोकली, खाकरली, चूळ भरायला म्हणून जवळजवळ अख्खी कुपी पिऊन बसली, आणि छापली काय, तर दोन फिकट पानं.

दसरा दीड महिन्यावर आला होता. “माझ्या उतावळेपणानं शाळा बुडाली हो!” वेणूबाईंना रडू आवरेना.

“बाई, चूक माझी बी हाय,” रखमाजी मान खाली घालून म्हणाला. “बैल घेताना मी आधी त्याची वैरण इचारतो. ह्या पेटीची वैरण इचारायची अक्कल मला झाली न्हाई. रूपाला भुललो!”

पोळा चार दिवसांवर होता. घरोघरी बैलांच्या नव्या झुलींसाठी पैसे साठवलेले होते. चावडीवर सगळ्यांत आधी रखमाजी उठला. “औंदा माझ्या बैलांना जुनीच झूल, पैसा नव्या पेटीला!” मग दुसरा उठला, तिसरा उठला. बैलवेड्या गावानं असं करावं, ही काही लहान गोष्ट नव्हती.

या खेपेला वेणूबाई थेट बोजड पेटीपुढे उभ्या राहिल्या. “एका टाकीत पानं किती निघतात? घरची शाई चालते का? पेटी बंद राहिली तर काय होतं?”

दुकानदार खूश झाला. “पानं हजार निघतात. घरची शाई चालेल, फक्त वस्त्रगाळ करून घाला. आणि रोज एक तरी ओळ छापा. तोंड ओलं राहिलं की पेटी अडत नाही.”

“आन् आजारी पडली तर?” रखमाजीनं विचारलं.

“मी इथंच बसलोय.”

मग काय विचारता! मुलं काजळ खलू लागली, नाकं काळी झाली, पेटी रोज धडधडू लागली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बत्तिसावं पुस्तक शिवून झालं.

राणीसाहेब आल्या. बत्तीस पुस्तकं एकदम उघडली, बत्तीस आवाज खणखणले! इतक्यात राणीसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. आठ मुलांनी पुस्तक चक्क उलटं धरलं होतं, तरी ती घडाघडा वाचत होती.

“हे पाठ करून घेतलंय का?”

“नाही, राणीसाहेब,” वेणूबाई म्हणाल्या. “इतकी वर्षं एकच पुस्तक मध्ये ठेवायचो. ही मुलं समोरच्या बाजूला बसायची. त्यांना अक्षरं उलटीच ओळखीची झाली आहेत.”

राणीसाहेब एका चिमुरडीजवळ खाली बसल्या आणि तिचं पुस्तक त्यांनी हळूच सुलटं केलं. “बाळ, हे तुझं आहे. आता समोर बसायचं नाही.”

शाळा राहिली. आणि ही हकिकत ऐकून पंचक्रोशीतले लोक बाजारात आधी शाईचा भाव विचारू लागले, तेव्हा मोरपंखी पेटीवाल्यानं दुकान गुंडाळलं.

तात्पर्य: वस्तूचं मोल एकदाच द्यावं लागतं, पण तिची तहान रोज भागवावी लागते, म्हणून विकत घेण्याआधी तहान विचारावी.