कोलकात्याला निघालेले सीताफळ

एकदा एका वृद्ध फळव्यापाऱ्याला थेट कोलकात्याच्या एका शेठजींकडून सीताफळांची मागणी आली. बाग सासवडजवळची, नावाजलेली. पण माल आजवर पुण्यापलीकडे गेला नव्हता. वृद्धाने शिष्याला बोलावले.

"रंगनाथा, हा माल तू पाठव. शेठजी खूश झाले, तर कोलकात्याचा सगळा व्यवहार तुझ्या हाती. नाही झाले, तर पुन्हा वजनकाट्यावर बसणं आहेच तुझ्यासाठी."

शिष्य हरखला. मोबाइलवर बघून म्हणाला, "आबा, अंतर सोळाशे किलोमीटर, पण विमानाला फक्त अडीच तास! मग कडक फळ कशाला? उद्या झाडावर पिकलेलं, साखरेसारखं फळच तोडतो."

आबांनी एक मऊसूत सीताफळ अलगद तोडून शिष्याच्या हाती ठेवले आणि रिकामा टेम्पो काढायला लावला.

"हे मांडीवर घेऊन बस. विमानतळापर्यंत जाऊन येऊ."

"अहो, पण माल तर उद्या जायचाय!"

"म्हणूनच आज. आणि लेका, पांढरी पँट घातलीस ते फार बरं केलंस."

दिवेघाटाच्या वळणांवर फळाला तडा गेला. हडपसरच्या गर्दीत गर बोटांतून ओघळू लागला. विमानतळावरच्या मालाच्या गोदामापुढे टेम्पोंची ही रांग, वर ऊन, आणि खबर लागल्यासारख्या जमलेल्या माश्या! रांग जराशी सरकेपर्यंत शिष्याच्या मांडीवर बासुंदी झाली होती.

शेजारच्या टेम्पोवाल्याने डोकावून विचारले, "दादा, चमचा देऊ का?"

आबा मनमुराद हसले. मग शांतपणे म्हणाले, "आपलं विमान अजून जमिनीवरच आहे, रंगनाथा. अडीच तास हा तिकीट काढणाऱ्याचा प्रवास. फळाचा प्रवास देठ तुटताच सुरू होतो आणि खाणाऱ्याच्या जिभेवर संपतो. मध्ये घाट आहे, ही रांग आहे, तिकडचा हातगाडीवाला आहे, शेठजींची दुपारची झोपही आहे. फळाला वाटेत पिकायला जागा ठेवावी. इथेच पूर्ण पिकलं, तर पुढच्या वाटेवर त्याला नासण्यावाचून दुसरं काम काय उरतं?"

दुसऱ्या दिवशी शिष्याने खवल्यांमधल्या फटी नुकत्याच उकललेली, हाताला टणक लागणारी फळे निवडून पाठवली.

माल पोहोचताच शेठजींचा फोन खणाणला. "अरे भाई, पत्थर भेजे हैं क्या?"

शिष्याने आबांकडे पाहिले. आबा वर्तमानपत्रात डोके घालून बसलेले. मग त्यानेच धीर एकवटून, मोडक्यातोडक्या हिंदीत, फळे कागदात गुंडाळून दोन दिवस ठेवायला सांगितले.

तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला. या वेळी शेठजींचा एकही शब्द धड कळेना. शिष्य घाबरला, फोन कानाशी घट्ट दाबून ऐकू लागला. पलीकडे ताटलीत टक्कन एक बी पडली. मग दुसरी.

शेठजींचे तोंड भरलेले होते.