होवासाचा बांध

वेंगुर्ल्याच्या उत्तरेला खाडीकाठी मिठाखोल नावाचे गाव आहे. गाव आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा एक लांब बांध आहे. त्याच्या एका अंगाला खारे पाणी, दुसऱ्या अंगाला भातशेती आणि गावाची गोड्या पाण्याची एकुलती एक विहीर. भरतीच्या वेळी बांधावर उभे राहिले तर पाणी शेतापेक्षा उंच दिसते. पहिल्यांदा पाहणारा माणूस नकळत दोन पावले मागे सरकतो. बांध जिथे वळतो, तिथे गुडघाभर उंचीचा एक काळा दगड आहे. त्याला ना डोळे, ना शेंदूर. हा गावाचा राखणदार. त्याचे नाव होवास.

गावचे मानकरी लवू गावकर पाहुण्यांना त्या दगडाजवळ बसवूनच त्याची हकिकत सांगतात.

वेंगुर्ल्यात वलंदेजांची, म्हणजे डच लोकांची, वखार होती तेव्हाची ही गोष्ट. तापाने फणफणलेल्या एका डच खलाशाला त्याचे गलबत किनाऱ्यावर सोडून निघून गेले. त्याचे नाव यान. गावाने त्याचा येनू केला. आवडा नावाच्या विधवेने त्याला पेज पाजून उभे केले, आणि तो तिच्या बांधालगतच्या शेतावर राबू लागला. इथली बोली त्याला मोडकीतोडकी आली. पण काही मोजताना, किंवा कुठे लागले-खुपले तर, तो आपल्याच भाषेत बोले. आमच्या देशात समुद्र वर आणि घरे खाली, असे तो सांगे.

धाकू गावकर, म्हणजे लवूंचे पूर्वज, त्याची फिरकी घेत. "मगे तुमची मासळी सरळ चुलीतच उडी मारीत आसतली."

"मारता," येनू शांतपणे म्हणे. "बांध फुटलो की मारता."

एके वर्षी भाद्रपदातल्या अमावास्येला सकाळी लोकांना बांधात दहा हातांचे खिंडार पडलेले दिसले. ओहोटी होती म्हणून गाव वाचले होते. दुपारी मोठे उधाण येणार होते. ते पाणी विहिरीत शिरले की गाव उठलेच. टाकलेला प्रत्येक दगड वाहून जात होता. काही घरांनी भांडी बांधायला घेतली.

येनूने खाडीतल्या तिवरांच्या फांद्या तोडायला लावल्या आणि त्यांची एक चटई विणली. ती एवढी जाड होती की तिच्यावर बैल उभा राहावा. त्याच्या बापजाद्यांची ती रीत होती, असे सांगतात. चटई खिंडारात आडवी धरायची, वरून दगड टाकायचे, आणि ती दगडांसकट तळाला बसवायची. पण ती बसेपर्यंत पाण्यात उभे राहून तिला धरणार कोण? पुरुष एकमेकांकडे पाहू लागले. आवडाने कासोटा खोचला आणि ती पाण्यात उतरली. मग धाकू उतरले. मग बाकीचे. चटईभोवती बावीस माणसे होती, म्हणे. येनूने त्यांना एका हाताने चटई आणि दुसऱ्या हाताने शेजाऱ्याचे मनगट धरायला शिकवले. पंजा सुटतो, मनगट सुटत नाही. तो स्वतः समुद्राकडच्या टोकाला उभा राहिला. त्याच्या हातात आवडाचे मनगट होते.

भरती लागली. पाणी छातीला आले, तसा येनू आपल्या भाषेत ओरडू लागला. एकच ओरड, पुन्हा पुन्हा. तिचा अर्थ कोणालाच कळेना.

"आपल्या देवाक हाक मारता तो," धाकू म्हणाले. "परक्या गावात एकट्याची हाक त्या देवाक कशी ऐकाक जातली? मारा सगळ्यांनी."

मग बावीस जण ओरडू लागले, होवास, होवास. बांधावरून दगड पडत राहिले. खाडीभर पाणी बांधाच्या माथ्याला टेकले. पण त्या दहा हातांत ते माणसांच्या गळ्यापर्यंत चढले आणि तिथेच उभे राहिले, असे सांगतात. वाऱ्याने पाण्यावर साधी सुरकुतीही उठली नाही, म्हणे. आणि चटई खाली बसली.

पाणी उतरले तेव्हा येनूची मान छातीवर कलंडलेली होती. प्राण कधी गेला, कोणालाच कळले नाही. आवडाचे मनगट मात्र त्याच्या मुठीत तसेच होते. एकेक बोट सोडवावे लागले. ते काम आवडाने दुसऱ्या कोणाला करू दिले नाही.

त्याला बांधाच्या वळणावर पुरले आणि वर हा दगड ठेवला. त्याच्या देवाचे नाव होवास असणार, म्हणून राखणदाराचेही तेच. आसपासच्या गावांत गाऱ्हाण्याला, म्हणजे देवापुढे सगळ्या गावाचे मागणे घालताना, लोक "व्हय म्हाराजा" म्हणतात. मिठाखोलात "होवास" म्हणतात.

काही वर्षांपूर्वी येनूच्या देशातल्या एक बाई खाडीचे बांध पाहायला आल्या होत्या. गाऱ्हाणे चालू असताना त्या मागे उभ्या होत्या. त्यांनी तो शब्द तीनदा म्हणवून घेतला. हे देवाचे नाव नाही, असे शेवटी त्यांनी सांगितले. आमच्या भाषेत याचा अर्थ होतो, घट्ट धरून ठेवा.

लवू गावकरांनी विचार केला. "मगे इतकी वर्सां आमी देवाक सांगत होतो, की देव आमकां?"

शब्द बदलावा, असे गावात कोणालाही वाटले नाही.

आजही मिठाखोलात कोणाच्या घरचे माणूस गेले, तर भेटायला येणारे सांत्वन करत नाहीत. मागे राहिलेल्याचे मनगट धरतात, "होवास" म्हणतात आणि शेजारी बसून राहतात. आपण होऊन हात काढून घ्यायचा नसतो. बोटे सोडवायची, ती मागे राहिलेल्याने. त्याला जमेल तेव्हा.