पंखा हळू ओढ

हैबतराव जहागीरदारांनी दिवाणखान्याच्या भिंतींना चकाकणारं विलायती रोगण लावून घेतलं आणि लागलीच हुकूम सोडला, "आता माजघरातला तो जुनाट चुन्याचा गिलावाही खरवडून टाका!"

सून सगुणाबाई म्हणाली, "मामंजी, चुना राहू द्या. त्याचे गुण फार आहेत."

"एक तरी गुण माझ्या तोंडून वदवून दाखव, मग राहील!"

सगुणाबाई वाद न घालता आत गेली. हैबतराव बुचकळ्यात पडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिवाणखान्यात पंखेवाला दोरी ओढून दमला, तरी जेवताना हैबतराव घामानं निथळत होते. वामकुक्षीचा बिछाना मात्र सगुणाबाईनं माजघरात घातलेला. तो का, हेही त्यांना कळेना. पण आडवे झाले आणि अंग निवलं. घटकाभरानं मिटल्या डोळ्यांनीच उपरणं गळ्यापर्यंत ओढत ते खेकसले, "पंखा हळू ओढ रे! गारठलो इथं!"

हैबतराव उठून बसले, वर पाहिलं आणि आणखीच गोंधळले.

दाराआडून सगुणाबाई म्हणाली, "कुठला पंखा, मामंजी? या खोलीत पंखाच नाही. आहे तो चुना, आणि तो तुम्ही खरवडायला सांगितलाय."