बिटकीच्या शेपटीवरचा ठिपका

एक होती उंदरी. एवढीशी. नाव तिचं बिटकी.

बिटकी शाळेत जायची. तुरु तुरु तुरु. शाळा होती चिंचेखाली. बाई होत्या खारबाई.

शाळेत पाण्याची परात होती. परात उंच दगडावर. बगळा पाणी प्यायचा. ससा प्यायचा. माकडाचं पोर प्यायचं. बिटकीचं तोंड काही पोचायचं नाही.

मग ती दगडाखाली बसायची. वरून थेंब गळायचा. टप. बिटकी चाटायची. पुन्हा वाट बघायची. टप. तेवढ्यात मधली सुट्टी संपायची. बिटकी तहानलेलीच वर्गात जायची. बिचारी.

एक दिवस खारबाई म्हणाल्या, आता आपण पाणीमंत्री निवडू.

बगळा म्हणाला, मला निवडा. मी परात वरच ठेवीन. वर वारा लागतो, पाणी गार राहतं.

कासव म्हणालं, मला निवडा. मी परात खाली ठेवीन.

खारबाईंनी दोन करवंट्या मांडल्या. एक बगळ्याची, एक कासवाची. भोवती पानांचा आडोसा केला. प्रत्येकाने एक चिंचोका घ्यायचा. आडोशाला जायचं. हव्या त्या करवंटीत टाकायचा. कुणाला सांगायचं नाही. टाकून झाला, की शेपटीला मेंदीचा ठिपका. बेडकाला शेपूट नाही, त्याला पायावर.

बिटकीला त्या ठिपक्याचं भारी वेड लागलं. धीर कुठला निघतोय तिला. निवडणुकीच्या दिवशी सकाळीच तिने गेरू घेतला. घरीच शेपटीला ठिपका लावला. लाल लाल. आणि मिरवत मिरवत शाळेत आली. तुरु तुरु तुरु.

खारबाईंनी शेपटी पाहिली. चिंचोका मागे घेतला.

"तुझं मत झालंय, बिटकी. एकाचं मत एकदाच."

बिटकी म्हणाली, नाही हो बाई, हा गेरू आहे. माझा मीच लावलाय.

"मग धुऊन दाखव," खारबाई म्हणाल्या. "गेरू जातो. मेंदी जात नाही. पण ऊन चिंचेच्या शेंड्यावर गेलं, की मी मोजायला बसणार."

परातीतलं पाणी पिण्याचं. त्यात शेपटी बुडवायची नाही. बिटकीने शेपटी मातीला पुसली. ठिपका गेला नाही, उलट पसरला. बिटकीला रडू आलं.

रडत रडत ती ओढ्याकडे गेली. तुरु तुरु तुरु.

"ओढोबा, ओढोबा, वाहा ना.
ओढा वाहील, ठिपका जाईल.
ठिपका जाईल, चिंचोका मिळेल."

ओढा कोरडा पडला होता. तो म्हणाला, "वर दगड अडकलाय. म्हैस दगड हलवेल, तर मी वाहीन."

बिटकी म्हशीकडे गेली. तुरु तुरु तुरु. म्हैस रवंथ करत बसली होती. मच मच मच.

"म्हशीमावशी, म्हशीमावशी, ऊठ ना.
म्हैस उठेल, दगड हलेल.
दगड हलेल, ओढा वाहील.
ओढा वाहील, ठिपका जाईल.
ठिपका जाईल, चिंचोका मिळेल."

म्हैस म्हणाली, "पायात काटा रुतलाय. कावळा काटा काढेल, तर मी उठेन."

बिटकी कावळ्याकडे गेली. तुरु तुरु तुरु. कावळ्याचं पिल्लू रडत होतं. क्यँव क्यँव क्यँव.

"कावळेकाका, कावळेकाका, काटा काढा ना.
काटा निघेल, म्हैस उठेल.
म्हैस उठेल, दगड हलेल.
दगड हलेल, ओढा वाहील.
ओढा वाहील, ठिपका जाईल.
ठिपका जाईल, चिंचोका मिळेल."

कावळा म्हणाला, "पिल्लू निजत नाही. वारा घरटं झुलवेल, तर मी येईन."

वारा कुठे? टेकडीवर. बिटकी टेकडी चढली. तुरु तुरु. तुरु. तु रु. पाय दुखले. घसा सुकला. वारा गवतात लोळत पडला होता.

"वारोबा, वारोबा, घरटं झुलवा ना.
घरटं झुलेल, पिल्लू निजेल.
पिल्लू निजेल, काटा निघेल.
काटा निघेल, म्हैस उठेल.
म्हैस उठेल, दगड हलेल.
दगड हलेल, ओढा वाहील.
ओढा वाहील, ठिपका जाईल.
ठिपका जाईल, चिंचोका मिळेल."

वारा म्हणाला, "मला काय त्याचं? मी तुमच्या शाळेत नाही. तुमचं पाणी पीत नाही."

त्याने पुढे कुणाचं नावसुद्धा सांगितलं नाही. आता जायचं कुणाकडे? बिटकी तिथेच बसली. मुसमुस मुसमुस रडली.

वाऱ्याने विचारलं, "एवढ्याशा चिंचोक्यासाठी एवढं रडतेस?"

बिटकी म्हणाली, "माझा धाकटा भाऊ आहे. दाणू. तोपण शाळेत यायचा. आम्ही दोघं थेंब चाटायचो. एका थेंबात दोघांचं भागायचं नाही. एक दिवस दाणू चक्कर येऊन पडला. आता तो येत नाही. म्हणतो, शाळा मोठ्यांची आहे, आपली नाही."

  वारा गवतातून उठला आणि निघाला. सूं सूं सूं.

घरटं झुललं, पिल्लू निजलं.
पिल्लू निजलं, काटा निघाला.
काटा निघाला, म्हैस उठली.
म्हैस उठली, दगड हलला.
दगड हलला, ओढा वाहिला.
खळ खळ खळ.
ओढा वाहिला, ठिपका गेला.

बिटकी धावत सुटली. ओली शेपटी घेऊन. तुरु तुरु तुरु तुरु. ऊन शेंड्याला लागतच होतं. खारबाईंनी शेपटी पाहिली. खालून पाहिली, वरून पाहिली.

ठिपका गेला, चिंचोका मिळाला.

बिटकी आडोशाला गेली. एकटीच. तिने चिंचोका टाकला. टक. कुठल्या करवंटीत टाकला, ते आपण नाही सांगायचं. खारबाईंनी तिला खराखुरा मेंदीचा ठिपका लावला.

मग मोजणी झाली. बगळ्याची करवंटी काठोकाठ भरलेली. कासवाच्या करवंटीत तळाला थोडेसे चिंचोके.

बगळा जिंकला. कासव हरलं.

छोटे सगळे गेले होते कुठे? मुंग्या आल्याच नव्हत्या. बेडकी म्हणाली होती, माझ्या एकीने काय होतंय. आणि गोगलगाय निघाली होती हो, पण अजून वाटेतच होती.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बिटकीने वाजवल्या नाहीत. एवढं पळाली, एवढं रडली, आणि परात वरच राहिली. फार फार वाईट वाटलं तिला.

बगळ्याने कासवाच्या करवंटीत डोकावून पाहिलं. त्याला नवल वाटलं. म्हणाला, पाणी तर इतकं गार आहे. मग परात खाली कुणाला हवी?

  मत गुपचूप टाकता येतं. तहान मात्र बोलून दाखवावी लागते. बिटकी सगळ्यांच्या पायांमधून वाट काढत पुढे आली.

"मला हवी," ती म्हणाली. "मी पोचत नाही. दाणूपण पोचत नव्हता."

बगळ्याने मान वाकवली. वाकवली, वाकवली, पार जमिनीपर्यंत वाकवली. तेव्हा कुठे त्याला बिटकी नीट दिसली. इतके दिवस तिच्या डोक्यावरून पाणी प्यायलो, हे त्याला कळलं. त्याचाही चेहरा पडला.

परात वरच राहिली. सगळ्यांनी तसंच निवडलं होतं ना. पण बगळ्याने कासवाची करवंटी रिकामी करून घेतली. चोचीने तिच्यात पाणी आणलं. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. आणि करवंटी दगडाखाली ठेवली. बिटकीच्या तोंडाशी.

बिटकी पाणी न पिताच घरी पळाली. तुरु तुरु तुरु. दाणूला म्हणाली, चल, खाली पाणी आलंय. दाणूने तोंड फिरवलं. त्याला खरंच वाटेना.

दुसऱ्या दिवशी मधली सुट्टी झाली. बिटकी प्यायली. वाटेकडे बघत राहिली. दाणू आला नाही. तिसऱ्या दिवशीही आला नाही. करवंटी रोज भरलेली असायची, आणि बिटकी तिच्याजवळ अर्धी जागा सोडून बसायची.

मग एक दिवस सुट्टी संपत आली होती. मुलं वर्गाकडे निघाली होती. वाटेवर हळूच वाजलं. तुरु. थांबलं. तुरु तुरु.

दाणू आला.  करवंटीपाशी बसला आणि पाणी प्यायला लागला. खारबाईंनी घंटा हातात धरून ठेवली. वाजवली नाही.

दाणू प्यायला. पोटभर प्यायला.

त्याचं पिऊन झालं, आपलीही गोष्ट झाली.