उपरण्याखालचा हात

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंकडे आला, तो बसायलाही तयार होईना. उभ्या उभ्याच म्हणाला, "गुरुजी, एका सहीपुरते घरी चला. साक्षीदार हवा आहे."

घर त्याच्या आणि वडिलांच्या, दोघांच्या नावावर होते. वडिलांची समज मात्र पार गेली होती. दार उघडे दिसले की ते बाजाराची वाट धरीत. नुकतेच तर लोकांनी त्यांना विहिरीच्या काठावरून धरून आणले होते. मुलाची नोकरी परगावी, आणि रजा संपत आलेली. हे घर विकायचे आणि तिकडे आपल्या डोळ्यांसमोर वडिलांची सोय करायची, एवढाच त्याचा विचार. हेतूत खोट काढायला जागा नव्हती. पण उतावळेपणाला चांगला हेतू पुरत नाही, त्याला सारे आजच्या आज हवे असते.

घरी व्यापारी मुद्रांकाचा कागद आणि शाईची डबी घेऊन ओट्यावर बसला होता. "या गुरुजी," तो म्हणाला. "चिरंजीवांची सही झाली. वडिलांचा अंगठा तेवढा राहिलाय. आज नाही जमलं, तर मी दुसरं घर बघतो."

"आणि बाबा कुठे नाही म्हणताहेत?" शिष्य घाईने म्हणाला. "विचारलं की हो म्हणतात."

गुरुजींनी कागदाकडे पाहिलेही नाही. ते त्या वृद्धाजवळ जाऊन बसले. या गृहस्थाने हयातभर बैलबाजारात दलाली केली होती. तिथला सौदा तोंडाने होत नसे. दोघांच्या हातांवर उपरणे टाकायचे आणि आत बोटे धरून भाव सांगायचा. जितकी बोटे, तितका भाव. भाव पटला नाही की समोरचा हात झटकून काढून घेई. हात झटकण्यात या गृहस्थाची अशी ख्याती, की भलेभले व्यापारी त्याच्यापुढे बसताना आधी घाम पुसत.

गुरुजींनी खांद्यावरचे उपरणे काढून दोघांच्या हातांवर टाकले.

"गुरुजी, ही काय थट्टेची वेळ आहे?" शिष्य चुळबुळला. व्यापाऱ्याने घड्याळ पाहिले.

"आबा, घर विकायचंय. हा भाव," म्हणत गुरुजींनी वृद्धाची पाचही बोटे धरली.

वृद्धाचे डोळे चमकले. "दिलं!"

मग शिष्याला दिसावे म्हणून उपरण्याची कड जरा उचलून गुरुजींनी तीनच धरली. "दिलं!" शेवटी नुसती करंगळी धरली. "दिलं," वृद्ध आनंदाने म्हणाला. "सोडा आता बैल."

शिष्याला भडभडून आले. एकेका बैलासाठी अख्खी दुपार हुज्जत घालणारा आपला बाप राहते घर करंगळीवर देऊन मोकळा झाला होता, आणि वर हसत होता.

गुरुजींनी उपरणे काढले. "पाहिलंस? यांना भाव कळत नाही, हे दुःख आहेच. पण त्याहून मोठं हे, की यांचा हात झटकायला विसरलाय. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकाराला संमती म्हणू नये रे. तुझा हेतू चांगला आहे, मग तो चोरवाटेने का नेतोस? न्यायालयात जा. बाबांना समज उरलेली नाही, मला त्यांचा पालक नेमा आणि घर विकायची परवानगी द्या, असं उघड सांग. तिथे विचारतील, यात वडिलांचं हित काय? त्याचं उत्तर तर तुझ्याजवळ आहेच."

"पण त्याला महिने लागतील! आणि तोवर ती विहीर?"

"लागतील. तोवर हे माझ्याकडे राहतील. माझ्या अंगणात विहीर नाही, आणि दाराला कडी आहे."

व्यापाऱ्याचा धीर सुटला. "अहो, नुसता अंगठा तर आहे," म्हणत त्याने डबी उघडली आणि वृद्धापुढे धरली. वृद्धाने आज्ञाधारक मुलासारखा अंगठा पुढे केला.

शिष्य पाहत राहिला. हे गिऱ्हाईक गेले तर दुसरे कधी येणार, ही धास्ती त्याला होतीच. अंगठा शाईला टेकणार, इतक्यात त्याने वडिलांचे मनगट पकडले आणि झटकन मागे ओढले.

व्यापारी कागद गोळा करून निघून गेला. ज्यांच्या वतीने नाही म्हणणे आपल्यावर येते, त्यांचा होकार फार जपून वापरावा, एवढे शिष्याला त्या दिवशी समजले.

वडील थोडा वेळ आपल्या हाताकडे पाहत राहिले. मग बाजारात झुकत तसे मुलाच्या कानाशी झुकून त्यांनी हळूच विचारले, "भाव कमी होता काय रे?"

"हो, बाबा," तो म्हणाला. "फार कमी होता."