खऱ्या भुकेची पळी

हिरव्यागार डोंगराच्या पायथ्याशी, जिथं बांबूचं बेट दिवसभर कुजबुजत असतं, तिथं एक इवलंसं घर होतं. घर इवलंसं, पण खाणारी तोंडं पाच. आई आणि बाबा बांबूच्या टोपल्या विणायचे. बाबांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, हिला डोळ्यांनी जेमतेम उजेड-अंधार कळायचा. ती नुसत्या बोटांनी चाचपत सुपं विणायची. चार वर्षांचा गुंडू टोपलीत बसून राजा व्हायचा. आणि आठ वर्षांची हौसा या सगळ्यांच्या मधून दिवसभर लुटुलुटु धावत असायची.

बाजार भरायचा महिन्यातून एकदाच, अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी. टोपल्या विकून बाबा महिन्याचं वाणसामान आणायचे. टपोरी ज्वारी, पिवळीधमक डाळ, थोडी मटकी, तांबूस गुळाची छोटीशी ढेप आणि तेलाची बाटली. त्या दिवशी घर कसं उजळून जायचं. आई डबे भरायची आणि गुंडू गुळाचा खडा गालात धरून संध्याकाळपर्यंत बोलायचाच नाही.

पहिला आठवडा मजेचा जायचा, दुसरा बरा. तिसऱ्या आठवड्यात आमटी पातळ व्हायची. आणि चौथा आठवडा लागला की घरातले देव एकदम जागे व्हायचे. आत्याला सोमवार असायचा, मग मंगळवार, मग एकादशी, मग कुठल्याशा देवीचा नवस. बाबा म्हणायचे, "मी पलीकडच्या वाडीत जेवून आलो." आई म्हणायची, "तुम्ही बसा, मी मागाहून जेवते," आणि मागाहून ती फक्त भांडी घासायची. हौसाही काही कमी नव्हती. "मी रानात पोटभर बोरं खाल्ली," असं म्हणून ती आपली भाकरी गुंडूच्या ताटात सरकवायची. खरं बोलायचा तो एकटा गुंडू. "मला भूक लागली," तो म्हणायचा, आणि ती लागलेली असायचीच.

एके दिवशी महिना असाच सरत आला होता. आत्या अंगणात हौसाची वेणी घालत होती. हळूच म्हणाली, "हौसे, अमावस्येची संध्याकाळ झाली की मी देवीच्या डोंगरावर राहायला जाईन हं. तिथं आल्यागेल्याला प्रसाद मिळतो."

"कधी परत येणार?"

आत्यानं वेणीला रिबीन बांधली, दोनदा बांधली. "एक पान कमी झालं की तुम्हा चौघांना महिना पुरेल बघ. आईला आत्ताच सांगू नकोस."

हौसाला वाटलं, आत्या गेली तर वेणी कोण घालणार, गुंडूला थोपटून कोण निजवणार, आणि डोळे नसताना ती तो डोंगर चढणार तरी कशी? हौसा उठली आणि कुणाला दिसू नये म्हणून बांबूच्या बेटात जाऊन रडत बसली.

रडता रडता तिला आवाज आला. किण्‌ किण्‌ किण्‌. अगदी बारीक, पैंजणाचं एकच घुंगरू वाजावं तसा. हौसानं डोळे पुसून पाहिलं. वाऱ्यानं एक उंच बांबू उभा चिरला होता, आणि त्या चिरेत एक बोटभर उंचीची परी अडकली होती. पोपटी झगा, केसांत दवाचे चिमुकले थेंब, आणि बांबूच्या आतला पातळ पापुद्रा असतो ना, तसे तिचे पंख. त्यांवर सात रंग लकलकत होते. एक पंख चिरेत घट्ट धरला गेला होता.

"ओढू नकोस गं," परी म्हणाली. "फाटेल."

पण हौसा कशाला ओढते? टोपल्या विणणाऱ्यांची लेक ती. तिनं बांबूची एक चपटी काडी शोधली, चिरेत अलगद पाचर ठोकली, आणखी एक ठोकली, आणि चीर हळूहळू उघडली. पंख सुटला. परीनं तो झटकला तशी हवेत हिरवी-निळी-सोनेरी चमचम उडाली.

"शाबास," परी म्हणाली. "मी वेळूपरी. भूक लागलीय का तुला?"

"नाही बाई," हौसा म्हणाली. तेवढ्यात तिच्या पोटानं मोठ्यानं गुरगुरून तिला खोटं पाडलं.

परी गालातल्या गालात हसली. "बरं, माग काय हवं ते. पण एक आधीच सांगते. आम्हा पऱ्यांनाही चांदणं महिन्याचंच मिळतं. पौर्णिमेला भरून घ्यायचं आणि तेच महिनाभर पुरवायचं. म्हणून मी त्याच दिवशी चार डब्यांत वाटून ठेवते, नाही तर पहिल्या आठवड्यातच सगळं फुलपाखरांना वाटून मोकळी होईन. आज अमावस्या दोन दिवसांवर आलीय. हे बघ, इतकंच उरलंय." तिनं गुंजेएवढी डबी उघडली. तळाशी चिमूटभर रुपेरी भुकटी लुकलुकत होती. "रत्नांची हंडी मागशील तर जमायचं नाही."

"तुझं आमच्या आईसारखंच आहे," हौसा म्हणाली, आणि तिला त्या परीची फार माया वाटली. "मला हंडी नको. आमच्या घरी सगळी जणं पोटभर जेवू देत. म्हणजे आत्या जाणार नाही."

परीनं थोडा विचार केला. मग बांबूचं एक पेर घेऊन त्यावर बोट फिरवलं, डबीतलं चांदणं त्यावर भुरभुरलं, आणि पेराची झाली एक गोजिरी हिरवी पळी.

"हिचे नियम ऐक," परी म्हणाली. "वाढण्याआधी प्रत्येकाला विचारायचं, भूक आहे का. जो खरं सांगेल त्याला पळी मन भरून वाढेल. जो खोटं सांगेल त्याच्या पानात थेंब पडणार नाही. हा नियम कुणाला सांगायचा नाही. आणि अमावस्येच्या जेवणानंतर ती साधी पळी होईल. माझं चांदणं तेवढंच पुरेल."

हौसा पळी छातीशी धरून उड्या मारत घरी आली. तिला वाटलं, झालं काम.

दिवेलागण झाली. "आज मी वाढणार," असं म्हणून ती पातेल्याजवळ बसली. पातेल्यात तळाशी आमटी होती, इतकी पातळ की त्यात दिव्याची ज्योत दिसावी. "गुंडू, भूक आहे का?"

"आहे. खूप," गुंडू म्हणाला. पळी बुडाली आणि वर आली ती दाट, पिवळीजर्द आमटीनं काठोकाठ भरून. गुंडू ओरपून जेवला.

"आत्या, तुला?"

"मला उपास आहे बाळ."

हौसानं तरी पळी पुढे केली. आमटी निमूटपणे मागे पातेल्यात ओघळली. बाबा म्हणाले ते जेवून आलेत, आई म्हणाली ती मागाहून बसेल. दोघांच्या पानांवरही पळी कोरडीच राहिली. हौसाला आई-बाबांचा, आत्याचा, सगळ्या मोठ्या माणसांचा राग आला. लहानांना खरं बोला म्हणून सांगतात आणि स्वतः काय करतात, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं आत्याला आधीच गाठलं. "आत्या, तुला खरंच भूक नसते?"

"पोरी, देवाचा उपास मोडायला लावतेस होय?" आत्या म्हणाली आणि सूप चाचपू लागली.

संध्याकाळी पुन्हा तेच. गुंडूचं पान भरलं, बाकीची रिकामी. मग आईनं विचारलं, "हौसे, सगळ्यांना विचारतेस, तुझं काय?"

"मी बोरं खाल्ली," हौसा सवयीनं बोलून गेली. तिनं स्वतःच्या ताटावर पळी धरली. पळी कोरडी ठणठणीत.

"बोरं तर अजून हिरवीच आहेत," गुंडू म्हणाला.

हौसाचे कान लाल झाले. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसावं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसू नये, तशी तिची गत झाली होती. घरात पाच माणसं, त्यांतली चार खोटं बोलणारी, आणि त्या चारांत ती स्वतःही होती. त्यात कुणाचंच मन वाईट नव्हतं. प्रत्येक जण आपला घास दुसऱ्यासाठी लपवत होता, आणि त्यापायी कुणाला किती लागतं हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

अमावस्येची संध्याकाळ आली. दाराशी आत्याचं गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. आईच्या आता लक्षात आलं होतं. ती चुलीकडे तोंड करून डोळे पुसत होती. डब्यातली शेवटची डाळ शिजली होती आणि ज्वारीच्या शेवटच्या पिठाच्या दोन भाकऱ्या झाल्या होत्या.

"वन्सं, दोन घास तरी खाऊन जा," आई म्हणाली.

"माझा उपास गं," आत्या म्हणाली.

हौसानं गुंडूला वाढलं. मग आपलं ताट पुढे ओढलं. ती म्हणाली, "मला भूक लागली आहे. रोज लागते. मी बोरं कधी खाल्लीच नव्हती."

पळी पातेल्यात गेली आणि भरून आली, आणि हौसाच्या ताटात चमचमती पिवळी आमटी पडली. तिच्या वासानं घर भरून गेलं.

आई हातातलं फडकं ठेवून जवळ बसली. "मलाही लागली आहे," ती हळू म्हणाली. "मागाहून काही उरतच नाही गं." पळीनं तिचं ताट भरलं.

बाबांनी मान खाली घातली. "वाडीत मला कोण जेवायला घालतंय? ओढ्याचं पाणी पिऊन येतो." पळीनं त्यांनाही वाढलं.

राहिली आत्या. ती दाराकडे तोंड करून बसली होती. गुंडू रांगत तिच्या मांडीवर चढला आणि त्यानं तिची हनुवटी धरून विचारलं, "आत्या, तुला लागली का भूक?"

आत्याचा हात त्याच्या पाठीवर थांबला. "देवी इतके उपास कधी मागत नाही रे बाळा," ती म्हणाली. "मला भूक लागली आहे. आणि मला जायचंही नाही."

बाबा उठले, त्यांनी गाठोडं उचलून पुन्हा आत नेलं. "आक्का," ते म्हणाले, "तुझं पान कमी करून महिना पुरला असता, पण घास गिळवला असता का आम्हाला?" हौसानं आत्याच्या ताटात एक पळी वाढली, मग दुसरी वाढली. दोन भाकऱ्यांचे पाच वाटे झाले आणि कुणालाच कमी पडलं नाही. पाचही जणं पोटभर जेवली, आणि पातेल्यात तळाशी थोडं उरलंसुद्धा.

त्या रात्री आत्या मोकळी झाली. "पारू, एक सांगू का?" ती आईला म्हणाली. "तांदुळजा, घोळ, शेवग्याचा पाला, हरभऱ्याचा पाला, सगळं इथं रानात आहे. बोटांनी ओळखते मी. पण बोलायची नाही. म्हटलं, तुला वाटेल मी तुझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते."

"अहो वन्सं," आई म्हणाली, आणि तिला हसूही आलं आणि रडूही.

दुसऱ्या दिवशी बाजार झाला. वाणसामान तेवढंच आलं, एक दाणा जास्त नाही. पण हौसा म्हणाली, "चार डब्यांत वाटून ठेवू या." कुणी शिकवलं हे तिनं सांगितलं नाही. बाबांनी चार सुबक टोपल्या विणल्या, आईनं एकेका आठवड्याचं एकेकीत भरलं. मूठभर मटकी भिजवून मोड आणले की वाडगाभर व्हायची. आत्या गुंडूचं बोट धरून रानात जायची आणि ओटीत हिरवागार पाला घेऊन यायची. आणि पानावर बसायच्या आधी हौसा प्रत्येकाला विचारायची, भूक किती आहे. सगळे खरं सांगायचे आणि आई तेवढंच पीठ मळायची. पळी आता साधी झाली होती, पण विचारायची सवय राहिली.

पौर्णिमा आली. सूर्य मावळतो न मावळतो तोच डोंगरामागून केशरी चंद्र वर आला. हौसा पळी घेऊन बांबूच्या बेटात गेली. दुसऱ्या हातात पानाचा द्रोण होता, त्यात शेवग्याची भाजी आणि भाकरीचा तुकडा.

वेळूपरी एका पानावर बसून चार डब्यांत चांदणं भरत होती. "भूक लागलीय का तुला?" तिनं विचारलं.

"नाही," हौसा म्हणाली. "पोट भरलंय." या खेपेला पोटानं काही चुगली केली नाही. "तुझे फार उपकार झाले गं."

"माझे कसले? आमटी तुझ्या आईनं शिजवली. मी एक चिमूट भुरभुरली, एवढंच."

हौसानं द्रोण पुढे केला. "आणि तुला? तुला लागलीय का भूक?"

"छे, आम्हा पऱ्यांना कुठली…" परी बोलता बोलता थांबली. हौसा तिच्याकडे बघतच होती. मग परी खुदकन हसली. "लागलीय. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं मला."

ती इवल्याशा हातांनी जेवली, बोटं चाटून जेवली. "पळी तुझ्याकडेच राहू दे," ती म्हणाली. मग तिचे पंख उघडले. सात रंग उजळले, बांबूचं पान न्‌ पान रुपेरी झालं, उजेड वर वर गेला आणि चांदण्यात मिसळून गेला. पानावर रिकामा द्रोण तेवढा डुलत राहिला.

हौसा घरी आली. तिची पावलं ओळखून आत्या आतूनच म्हणाली, "आलीस? चल, पानं घे. माझ्या पानात दोन पळ्या वाढ, आज मला सपाटून भूक लागलीय."

हौसानं पाच पानं घेतली.

पाच पानांची गोष्ट इथं जेवून तृप्त झाली. ऐकणाऱ्यांत कुणाला भूक असेल, त्यानं खुशाल सांगावं.